विश्लेषण : हाड जुळले, प्लास्टर निघाले, तरी हात का दुखतो?

अपघातानंतर हाड जुळते, टाके निघतात, एक्स-रे ‘चांगला’ येतो. पण काहींचा हात किंवा पाय पुढे महिनोन् महिने दुखत राहतो. महाड-पोलादपूरसारख्या डोंगरी भागात हे दुखणे बहुतेकदा ‘जुना मार’ म्हणून सोडून दिले जाते. त्यामागची कारणे कोणती, त्यातला ‘सीआरपीएस’ हा आजार काय आहे आणि उपचार कुठे, कसे मिळवायचे, याविषयी…

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांची नावे राज्यभर पोहोचतात ती बहुधा पावसाळ्यात, आणि बहुधा वाईट बातमीतून. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत जमीनदोस्त झाली. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड आली आणि त्याच आपत्तीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडीवरही. अशा बातम्यांचे शेवटचे वाक्य ठरलेले असते : जखमींवर उपचार सुरू आहेत. त्या जखमींच्या हातापायांचे सहा महिन्यांनी काय झाले, हे सहसा छापून येत नाही.

मोठ्या दुर्घटना सोडल्या तरी हाडे मोडण्याची कारणे इथे रोजची आहेत. मुंबई-गोवा महामार्गावरची दुचाकी, औद्योगिक वसाहतीतले यंत्र, लावणीच्या दिवसांत निसरडा झालेला शेताचा बांध, शेवाळ धरलेली अंगणातली पायरी. उदाहरण घ्यायचे तर पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरच्या साठीच्या बाई. जुलैत बांधावरून घसरल्या, हात टेकला, मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. हाड जुळलेले आहे. पण हात सुजलेला, लालसर, ओढणीचा स्पर्शही सोसवत नाही, मूठ वळत नाही. मुलगा विरारला, तो फोनवर विचारतो, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ बाई सांगतात, ‘सगळं ठीक आहे म्हणाले.’ गोंधळ सुरू होतो तो इथून.

दुखणे ‘जुनाट’ कधी म्हणायचे?

वैद्यकशास्त्रात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. ही बाब कागदी वाटली तरी महत्त्वाची आहे. तोवर वेदना म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचे केवळ लक्षण मानले जाई. आता वेदना हाच आजार असू शकतो, हे अधिकृतपणे मान्य झाले आहे.

मात्र तीन महिने हा व्याख्येचा आकडा आहे, डॉक्टरकडे जाण्याचा मुहूर्त नव्हे. मनगट मोडलेल्या १,५४९ रुग्णांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोडल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ज्यांची वेदना शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर सरासरी पाच किंवा त्याहून अधिक होती, त्यांना पुढे गंभीर दीर्घकालीन वेदनेचा धोका बराच जास्त असल्याचे त्यात दिसले. म्हणजे ‘मोडलंय तर दुखणारच’ हे खरे असले तरी पूर्ण खरे नाही. प्लास्टर घातल्यावर, गोळ्या घेऊनही, आठवडाभर कळ कमीच होत नसेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

मार बरा झाल्यावरही दुखते ते का?

याचे एकच उत्तर नाही, आणि म्हणूनच शेजारच्याला लागू पडलेला उपाय आपल्याला लागू पडेलच असे नाही. काही वेळा हाड खरोखरच जुळलेले नसते किंवा वाकडे जुळलेले असते. काही वेळा आत बसवलेली पट्टी किंवा सळई सैल होते, स्क्रूचे टोक सलते. हाडात जंतुसंसर्ग उरलेला असतो. तो कधी कधी महिन्यांनी डोके वर काढतो. सांधा आखडलेला असतो. एखादी नस मारात दुखावलेली किंवा भरलेल्या जखमेत आवळलेली असते. पायाला मार लागून बरेच दिवस पडून राहिलेल्यांत रक्तवाहिनीत गुठळी होऊन पोटरी सुजते. मधुमेह असलेल्याच्या नसा आधीच कमकुवत असतात. यातल्या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे, त्यामुळे ‘दुखण्याची गोळी’ देऊन वाट पाहणे म्हणजे निदान पुढे ढकलणे.

कोकणात एक वेगळीही शक्यता ध्यानात ठेवायला हवी. पुराच्या किंवा खाचरातल्या पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांनी ताप आला आणि पोटऱ्या भयंकर ठणकू लागल्या, तर ते जुन्या माराचे दुखणे नसून लेप्टोस्पायरोसिस असू शकते. तिथे मालीश नव्हे, तातडीने रुग्णालय गाठायचे असते.

आणि या सगळ्या शक्यता तपासून झाल्यावर, कुठे काही बिघडलेले दिसत नसताना, दुखणे मात्र माराच्या मानाने कितीतरी जास्त उरते. अशा वेळी ज्याचा विचार व्हायला हवा आणि अनेकदा होत नाही, तो आजार म्हणजे सीआरपीएस.

सीआरपीएस म्हणजे काय?

‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ हे त्याचे पूर्ण नाव. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, आणि ज्याला नाव नाही ते दुखणे घरच्यांना पटवणे अवघड जाते. जुन्या केसपेपरवर ‘सुडेक’ किंवा ‘आरएसडी’ असे लिहिलेले आढळते, ते हेच.

सावित्रीचे पाणी वाढू लागले की महाडमध्ये भोंगा वाजतो. लोक सामान माळ्यावर टाकतात, गाड्या उंचावर नेतात. भोंग्याचे काम तेवढेच. पण पाणी ओसरल्यावरही तो वाजतच राहिला, शिवाय साध्या सरीलाही वाजू लागला, तर? सीआरपीएसमध्ये वेदनेच्या यंत्रणेचे असेच काहीसे होते. मार लागल्यावर सूज येणे, रक्तप्रवाह वाढणे, नसा जास्त संवेदनशील होणे, हे सगळे बरे होण्यासाठीच असते. काही जणांत ही प्रतिक्रिया थांबतच नाही. घाम, रक्तवाहिन्या व तापमान यांचे नियंत्रण करणाऱ्या नसा बिघडतात. मज्जारज्जू आणि मेंदूही वेदनेचे संदेश मोठे करून घेऊ लागतात. मेंदूत शरीराचा जो ‘नकाशा’ असतो त्यात त्या हाताची जागा बदलते; रुग्ण म्हणतो, ‘हा हात माझा वाटतच नाही.’ हे ऐकून कुणी मानसिक आजाराचा शिक्का मारू नये. ते या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे.

तो बहुतेकदा हाताच्या किंवा पायाच्या टोकाकडच्या भागात होतो. मनगटाचे हाड मोडणे हे सर्वांत सामान्य निमित्त. घोट्याची मुरगळ, शस्त्रक्रिया, चेंगरणे हीही निमित्ते. मार किती मोठा होता यावर आजाराची तीव्रता ठरत नाही. नेदरलँड्समधील एका मोठ्या पाहणीत दरवर्षी एक लाख लोकांमागे सुमारे २६ नवे रुग्ण आढळले आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या तिपटीहून जास्त होते. म्हणजे आजार सर्रास होणारा नाही. पण पन्नाशी-साठीतल्या, हाडे ठिसूळ होऊ लागलेल्या आणि शेतात अजून राबणाऱ्या बायकांची संख्या ज्या गावांत मोठी आहे, तिथे तो दुर्मीळ म्हणून विसरून जाण्यासारखाही नाही.

आजार नवा आहे का?

मुळीच नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात गोळी लागून नसा दुखावलेल्या सैनिकांवर फिलाडेल्फियात उपचार करताना सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी तो नोंदवला; १८६४ मध्ये त्यांचे पुस्तक आले. हाताची आग शमवण्यासाठी सैनिक तो सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. वर्तमानपत्राच्या घडीची सळसळही काहींना सोसत नसे. १९०० मध्ये जर्मन शल्यविशारद पॉल सुडेक यांनी अशा हातांची हाडे विरळ होतात हे दाखवले. आजचे नाव १९९४ मधले. थोडक्यात, ही मंडळी नाटक करत नाहीत, हे सिद्ध व्हायला दीडशे वर्षे लागली. घराघरांत ते अजून सिद्ध व्हायचे आहे.

निदान कसे होते?

रक्ताच्या एका तपासणीत किंवा एमआरआयमध्ये हा आजार ‘सापडत’ नाही. एक्स-रेमध्ये हाड विरळ झालेले कधी दिसते, कधी नाही. निदान होते ते रुग्णाचे ऐकून आणि दोन्ही हात शेजारी ठेवून पाहून. बुडापेस्टमध्ये ठरलेले निकष आज जगभर वापरले जातात. माराच्या मानाने जास्त आणि सतत राहणारी वेदना ही पहिली अट. मग चार गटांतली लक्षणे तपासतात. एक, संवेदना : हलक्या स्पर्शानेही दुखणे, टोचल्यास प्रमाणाबाहेर दुखणे. दोन, रंग आणि तापमान : तो हात दुसऱ्यापेक्षा गरम किंवा गार, लाल, जांभळट वा फिकट. तीन, सूज आणि घाम : एकाच हाताला जास्त घाम येणे किंवा अजिबात न येणे. चार, हालचाल आणि वाढ : ताकद जाणे, थरथर, सांधे आखडणे, नखे-केस वेगळे वाढणे, कातडी पातळ व चकचकीत होणे. चारपैकी किमान तीन गटांतली लक्षणे रुग्णाने सांगावी लागतात, किमान दोन गटांतल्या खुणा डॉक्टरांना तपासणीच्या वेळी दिसाव्या लागतात, आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने हे सगळे अधिक नीट समजावता येत नसेल तरच निदान पक्के होते.

अडचण आहे ती ‘तपासणीच्या वेळी’ या शब्दांत. रंग आणि सूज दिवसभरात बदलतात. पहाटे जांभळा पडलेला हात अकरा वाजता ओपीडीत साधा दिसतो आणि रुग्ण खोटा पडतो. इथे हातातला मोबाइल खरोखर उपयोगी आहे. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय शेजारी ठेवून, दिवसाउजेडी, आठवड्यातून दोनदा फोटो काढावा. रंग बदलेल तेव्हा आवर्जून काढावा. मूठ कुठवर वळते याचा दहा सेकंदांचा व्हिडीओ घ्यावा. जुने एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड यांचेही फोटो ठेवावेत. २०२१ च्या पुरात महाडमधल्या घराघरांत पाणी शिरले तेव्हा कागदांचे काय झाले, हे महाडकरांना सांगायला नको.

अशा, यंत्रापेक्षा नजरेने ओळखायच्या आजारांचे महाडला वावडे नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करून विंचूदंशाच्या रुग्णांची घाम, थंड पडलेले हातपाय अशी लक्षणे खाटेशेजारी बसून टिपली आणि ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये पोहोचली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तो आजार वेगळा, पण हातापायाचा रंग, घाम आणि ऊब काय सांगते हे बघण्याची पद्धत तीच.

डॉक्टरांना दुखणे सांगायचे कसे?

‘दुखतंय’ एवढ्यावर थांबू नये. मराठीत वेदनेला जेवढे शब्द आहेत त्यातले बरेच निदानाच्या कामाचे आहेत. ठणकणे वेगळे आणि आग होणे वेगळे. सलणे, कळ लागणे, शिणल्यासारखे वाटणे हे बहुधा हाड, सांधा किंवा स्नायूचे दुखणे. ते कामाने वाढते, बसले की उतरते. आग होणे, झोंबणे, मिरची लागल्यासारखे होणे, वीज चमकल्यासारखी चमक जाणे, मुंग्या, टाचण्या टोचणे, बधिरपणा, बधिर असूनही खाज, हे शब्द नसांकडे बोट दाखवतात. नसांचे दुखणे ओळखण्यासाठी डॉक्टर दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात; तिच्यातले प्रश्न जवळपास याच शब्दांचे असतात. साध्या वेदनाशामक गोळ्या नसांच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, म्हणून शब्द चुकला की औषधही चुकते.

गावाकडच्या बायका डॉक्टरांपुढे कमी बोलतात, आणि सोबत आलेला पुरुषच दुखणे सांगतो. त्याने सांगितलेले बहुधा ‘हात दुखतो, काम होत नाही’ एवढेच असते. बाईंना स्वतः बोलू द्यावे. दुखण्याने झोप मोडते का, अंगावरची गोधडी हाताला लागली तर चालते का, भांडे उचलता येते का, वेणी घालता येते का, हे प्रश्न घरातच विचारून उत्तरे कागदावर नेली तर पाच मिनिटांच्या तपासणीतही बरेच काम होते. कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यात गावातल्या दवाखान्यातून मिळालेल्या सुट्या गोळ्या आणि आयुर्वेदिक पुड्याही आल्या, हे लपवू नये. नाव नसलेल्या पुडीत स्टेरॉइड असू शकते.

विश्रांती की हालचाल?

या आजारात सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दुखतो म्हणून हात महिनोन् महिने गळ्यात अडकवून ठेवणे. मोडलेले हाड जुळेपर्यंत ते स्थिर ठेवावेच लागते. पण तेव्हाही डॉक्टरांनी मना केले नसेल तर प्लास्टरबाहेरची बोटे, कोपर, खांदा हलवत राहायचे असतात. प्लास्टर निघाल्यावर न वापरलेला हात आणखी आखडतो, सुजतो आणि मेंदू त्याला आणखीच परका मानू लागतो. हाताला हात म्हणून वापरात आणणे हाच उपचाराचा कणा आहे. बाकीचे सगळे ते जमावे म्हणून.

पण याचा अर्थ दात-ओठ खाऊन ओढाताण करणे नव्हे. जोरात चोळणे, सांधा कडकन मोडून मोकळा करणे, उकळत्या पाण्याचा शेक, बर्फात हात बुडवणे, हे सगळे टाळावे. तापमानाची जाणीव बिघडलेल्या हाताला भाजल्याचे कळत नाही, आणि बर्फाने दुखणे वाढू शकते. फिजिओथेरपिस्ट हळूहळू चढत जाणारा व्यायाम देतात. स्पर्शाची भीती घालवण्यासाठी आधी कापूस, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल असा क्रम असतो. पुढे पातेल्यातल्या तांदळात बोटे फिरवायला सांगतात. दिवसातून थोडा थोडा वेळ, अनेकदा. आज फार बरे वाटले म्हणून उद्या चार हंडे पाणी भरले, की पुढचे तीन दिवस वाया जातात. बरे वाटणाऱ्या दिवशीही ठरल्याइतकेच करायचे, हे सांगायला सोपे आणि घरात पाहुणे असताना पाळायला अवघड असते.

आरशाचा उपचार ऐकायला जादूसारखा वाटतो. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा, दुखरा हात त्याच्या मागे झाकायचा आणि चांगल्या हाताच्या हालचाली आरशात पाहायच्या. मेंदूला दुखरा हातच न दुखता हलतो आहे असे दिसते. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तुटलेल्या अवयवाच्या भासमान वेदनेसाठी ही पद्धत आणली. पुढे ती सीआरपीएसमध्येही वापरली जाऊ लागली. काहींना तिचा चांगला उपयोग होतो, काहींना आरशात पाहूनच दुखणे वाढते. त्यामुळे सुरुवात फिजिओथेरपिस्टसमोर करावी. एकदा शिकल्यावर घरातला साधा आरसा पुरतो.

औषधे आणि इंजेक्शने किती उपयोगी?

औषध हा या आजारात आधार आहे, रामबाण नव्हे. सुरुवातीच्या गरम, सुजलेल्या अवस्थेत काही डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. हाडे विरळ होऊ नयेत म्हणून वापरली जाणारी बिस्फॉस्फोनेट औषधेही काहींना देतात. नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांपैकी एखादे दिले जाते. अमिट्रिप्टिलिन हे नैराश्याचेही औषध असल्याने इंटरनेटवर नाव शोधून ‘मला वेडा ठरवलं’ असे वाटून घेणारे रुग्ण असतात. वेदनेसाठी ते कमी मात्रेत देतात. या गोळ्यांनी गुंगी येते; सुरुवातीच्या दिवसांत दुचाकी घाटात घालू नये. त्या अचानक बंदही करू नयेत. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि सुया महिनोन् महिने घेत राहिल्यास जठर आणि मूत्रपिंड दुखावतात.

मनगट मोडल्यावर ५० दिवस रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिल्यास सीआरपीएस कमी होतो, असे नेदरलँड्समधील चाचण्यांत दिसले होते. नंतरचे निष्कर्ष उलटसुलट आले. काही डॉक्टर ते देतात. आजार एकदा जडल्यावरचा तो उपचार नाही.

एवढ्याने भागले नाही तर वेदनातज्ज्ञ, जे बहुधा भूलशास्त्राचे डॉक्टर असतात, मानेजवळच्या किंवा कमरेजवळच्या नसांच्या गाठीत इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम काहींत काही दिवस, काहींत अधिक काळ टिकतो. त्या काळात व्यायाम पुढे रेटायचा असतो. हात कापून टाकल्याने सुटका होईल असे हताश रुग्णाला वाटते, पण त्यानंतरही वेदना राहू शकते किंवा उरलेल्या भागात पुन्हा उद्भवू शकते. लवकर उपचार मिळालेल्या बहुतेकांचा त्रास पहिल्या वर्षात कमी होतो. काहींचा पूर्ण जात नाही, आणि हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेले बरे.

हाडवैद्याकडे जावे का?

जवळ, स्वस्त आणि ओळखीचा म्हणून लोक जातात. रात्री वाडीवरून खाली उतरण्याची सोय नसताना त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण एक्स-रेशिवाय मोडीचा प्रकार कळत नाही. बांबूच्या पट्ट्या घट्ट आवळल्या तर रक्तपुरवठा थांबून हात कायमचा वाकडा होऊ शकतो. तेवढ्यासाठी तरी आधी एक्स-रे हवा.

पट्टी कुणीही बांधलेली असो, रुग्णालयातले प्लास्टरही त्यात आले, काही खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नये. बोटे बधिर, निळी किंवा पांढरी पडणे. कळ मिनिटागणिक वाढणे. दुसऱ्याने बोट हळूच सरळ केले तरी किंकाळी फुटणे. ही आतल्या दाबाची लक्षणे आहेत आणि स्नायू वाचवायला काही तासच असतात. पायाला मार लागलेल्याची पोटरी सुजून धाप लागली किंवा जखमेतून पू येऊन ताप आला तरीही लगेच १०८ ला फोन करावा.

जायचे कुठे आणि खर्चाचे काय?

पहिली पायरी म्हणजे महाड किंवा पोलादपूरचे ग्रामीण रुग्णालय. त्यापुढे माणगावचे उपजिल्हा रुग्णालय आणि अलिबागचे जिल्हा सामान्य रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार नि:शुल्क आहेत. हाडांच्या डॉक्टरांना थेट विचारावे : हाड जुळले आहे का, नस दुखावली आहे का, आणि हा सीआरपीएस असू शकतो का? तिसरा प्रश्न विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्यावी. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे पुनर्वसनाचे डॉक्टर, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी एकाच ठिकाणी मिळते. केईएम, शीव यांसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत भूलशास्त्र विभागाकडे वेदना-ओपीडीची चौकशी करावी.

खरी अडचण योजनांच्या रचनेत आहे. रस्ते अपघातातील जखमींसाठी मे २०२५ पासून लागू झालेली केंद्राची रोकडविरहित उपचार योजना दीड लाख रुपयांपर्यंत खर्च उचलते, पण अपघातापासून सात दिवसांपर्यंतच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. कोणत्या रुग्णालयात काय मिळेल हे १५५३८८ वर विचारता येते. दोन्ही योजना जीव आणि हाड वाचवण्यासाठी आखलेल्या आहेत आणि ते काम मोठेच आहे. परंतु हे दुखणे आठव्या दिवसानंतर आकार घेते, आणि त्याला लागतात त्या आठवड्याला दोन-तीन फिजिओथेरपीच्या फेऱ्या, चार-सहा महिने. वाडीवरून महाडला येण्या-जाण्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते. एसटीत महिलांना निम्मे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास असल्याने भाड्याचा भार थोडा हलका होतो. बुडालेल्या दिवसाचे पैसे कुणी देत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत फिजिओथेरपिस्टना सांगावे की दर आठवड्याला येणे जमणार नाही. घरी करायचे व्यायाम मोबाइलवर चित्रित करून घ्यावेत आणि दोन-तीन आठवड्यांनी दाखवायला जावे. काही महिने मुलाकडे मुंबईला राहून उपचार पुरे करणे अनेक कुटुंबांना जमण्यासारखे असते. शेतीची कामे आटोपल्यावर जाऊ म्हणून दिवाळीपर्यंत थांबले तर मात्र सुरुवातीचे मोलाचे महिने निघून जातात.

कारखान्यातील कामगार ईएसआयसीत नोंदलेला असेल तर कामावरच्या दुखापतीनंतरच्या तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो. त्यासाठी अपघाताची नोंद त्याच वेळी व्हायला हवी; ‘मुका मार आहे, उद्या येईन कामाला’ म्हणून नोंद टाळली की पुढे हात धरला तरी दावा उभा राहत नाही. हाताची हालचाल कायमची कमी झाली असेल तर अपंगत्व प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सीआरपीएसचे नाव नाही, पण चलनवलनातील अपंगत्व आहे. मोजले जाते ते वेदनेला नव्हे, हालचालीला आणि ताकदीला. त्यामुळे अर्जासोबत फिजिओथेरपिस्टनी घेतलेली मापे जोडावीत.

सतत दुखणाऱ्या माणसाची झोप जाते, चिडचिड होते, जगणे नकोसे होते. त्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. घाट बंद असेल, रस्त्यावर पाणी असेल अशा दिवसांत ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या घेता येतो. मुंबईतल्या मुलाने स्वतःच्या फोनवरून आईला त्यात जोडून दिले तरी चालते. कॅमेऱ्यापुढे मात्र दोन्ही हात शेजारी-शेजारी धरायला सांगावेत.